पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारं किट, घालूनही नागपूरच्या मेडिकल-मेयोसारख्या सरकारी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना कोरोनासारख्या साथीत लागण का होते?

बहुतेकदा किट घालताना नाही, काढताना चूक होते. सहा तासांची ड्युटी, मे महिन्यातलं ४५ अंश ऊन, आत घामाने निथळलेलं अंग. मग माणूस आधी मास्कच ओढतो. तीच घोडचूक. आधी ग्लोव्हज उलटे करून काढा, हात सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद चोळा, मग गॉगल मागच्या पट्ट्याने धरून, मग गाऊन आतली बाजू बाहेर गुंडाळत. एन९५ मास्क सगळ्यात शेवटी, वॉर्डाबाहेर येऊन: खालचा पट्टा आधी, वरचा नंतर, समोरच्या भागाला बोट लावायचं नाही. प्रत्येक टप्प्यानंतर पुन्हा हात सॅनिटायझरने चोळा.

दाढी असेल तर एन९५ कडेने गळतोच. घालताना जोरात श्वास सोडा. नाकाजवळ वारा लागला तर मास्कची नाकावरची क्लिप पुन्हा दाबा. घामाने ओला झालेला मास्क लगेच बदला.

आणि चहाची खोली! दिवसभर जपलेले चार जण बंद खोलीत मास्क काढून डबा खातात, तिथे एकमेकांकडूनच लागण होते. खिडक्या उघडा, पाळीपाळीने जेवा. सफाई कामगार आणि वॉर्डबॉय यांनाही एन९५ द्या, कापडी मास्क नको.