दोन दिवसांचा जंजिरा

पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. डिसेंबरात मित्रांबरोबर दोन दिवस जंजिऱ्याला जाण्याचे ठरवलेस हे उत्तम झाले, कारण पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंदच असतात. मात्र तुझ्या बेतात अलिबाग, काशीद, पद्मदुर्गाचा किल्ला असे सगळेच कोंबलेले आहे आणि फणसाडच्या रानाचे नाव नाही. माझे ऐकशील तर किल्ला आणि फणसाड एवढेच ठेव, कारण ती एकाच संस्थानाची दोन अंगे आहेत. ज्या सिद्दी घराण्याचे ते बेट, त्याच घराण्याने ते रान शिकारीसाठी राखले होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये त्या रानाचे अभयारण्य झाले.

पहाटे निघून ताम्हिणीमार्गे माणगावला उतरा आणि मुरूड गाठा. राजपुरीहून शिडाची होडी निघाली की किल्ल्याचा मुख्य दरवाजा कुठे असेल हे तुम्हीच ताडून पाहा. बुरुजांच्या आड तो असा दडवला आहे की अगदी जवळ गेल्याखेरीज दिसत नाही. होडीवाले सहसा पाऊण तासात परत बोलावतात, म्हणून उशिराच्या होडीने परतण्याचे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. पहिल्या खेपेला मी तो सगळा वेळ कलालबांगडी तोफेपाशी छायाचित्रे काढण्यात घालवला आणि गोड्या पाण्याचा तलाव घाईघाईत लांबूनच पाहिला. तुम्ही तलाव आधी पाहा. चारी बाजूंना खारे पाणी असताना वेढ्यातली शिबंदी तगली ती त्या पाण्यावर, आणि संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास खाडीत दगडांचा भराव घालून पाहिला तरी किल्ला हाती आला नाही. (आपल्याला त्याची चुटपुट इतकी असते, की बांधणाऱ्यांचे कौतुक करायला जीभ रेटत नाही. ते करावे, असे माझे मत आहे.) पद्मदुर्ग तटावरून दिसतो, तेवढा या वेळी पुरे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुपेगावच्या बाजूने, स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊन फणसाडमध्ये शिरा. तिथे पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. चिखलगाणीसारख्या एखाद्या गाणीजवळ तासभर न बोलता बसलात, तर गाडीने दिवसभर हिंडणाऱ्यापेक्षा तुम्हांला अधिक दिसेल. शेकरू आधी ऐकू येते, मग दिसते. गारंबीच्या वेलीला लोंबणाऱ्या हातभर लांब शेंगाही पाहा. पांढऱ्या पाठीची गिधाडे उंच झाडांवर घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या आणि मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे ही जात देशभर झपाट्याने घटली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तेव्हा घरटे दिसले तरी त्याखाली रेंगाळू नका. बिबट्या दिसेल या आशेने मात्र मुळीच जाऊ नका.

माझी दुर्बीण निघण्यापूर्वी येऊन घेऊन जा. तिचे डावे भिंग थोडे सैल आहे, ते घट्ट करून ठेवतो.

तुझे सर