एका थेंबात कॅन्सर? वाचकांच्या शंका आणि उत्तरं

‘रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखणारा सेन्सर’ अशी बातमी छापून आली की पुढे काही दिवस मला तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, ट्यूमर मार्करच्या (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या) रिपोर्टवर सह्या करणं हे माझं रोजचं काम. म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : साखरेच्या मशीनसारखं कॅन्सर तपासायचं मशीन मेडिकलमध्ये कितीला मिळतं?

असं मशीन नाही. कुणी विकत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : पण तत्त्व तर एकच आहे ना? मग साखर घरी मोजता येते आणि मार्कर का नाही?

तत्त्व जवळचंच आहे. साखरेच्या पट्टीवर एन्झाइम असतं. ते ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन काढून घेतं, इलेक्ट्रोडमधून करंट वाहतो आणि मशीन त्याचा आकडा दाखवतं. मार्करच्या सेन्सरवर सहसा अँटिबॉडी (ठरावीक पदार्थालाच धरणारं प्रथिन) चिकटवलेली असते. मार्कर येऊन तिला चिकटला की करंट किंवा विद्युतरोध बदलतो.

अडचण आहे प्रमाणाची. तुमची साखर १०० असेल तर एका मिलिलिटरमध्ये ग्लुकोज १० लाख नॅनोग्रॅम असतं. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा मार्कर पीएसए तेवढ्याच रक्तात ४ नॅनोग्रॅमच्या वर गेला की आम्ही कान टवकारतो. आणि त्याच मिलिलिटर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रथिन असतं सुमारे ४ कोटी नॅनोग्रॅम! जत्रेत हरवलेलं एक पोर शोधायचं, आणि अख्खी जत्रा इलेक्ट्रोडवर येऊन बसलेली. म्हणून स्वच्छ द्रावणात झकास चालणारा सेन्सर खऱ्या रक्तात अडखळतो.

इलेक्ट्रोडवर मार्कर मोजणं तसं नवीन नाही. रिपोर्टवर पद्धत ‘ईसीएलआयए’ लिहिलेली असेल तर तुमची तपासणी इलेक्ट्रोडवरच झाली आहे. व्होल्टेज दिलं की मार्करला जोडलेलं रुथेनियम उजळतं, तो उजेड मोजतात. फक्त त्या मशीनवर आम्ही रोज क्यूसी (आकडे बरोबर येतात का याची चाचणी) लावतो. पर्समधल्या मशीनवर ते कोण लावणार?

प्रश्न : केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेते. तपासणीआधी सांगायला हवं का?

हो, नक्की सांगा. जास्त बायोटिनमुळे काही मशीनवर मार्कर खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच बायोटिनबद्दल इशारा दिला होता. गोळी किती आधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडिलांची (वय ७१) लघवी अडली म्हणून नळी घातली. दुसऱ्या दिवशी पीएसए ११ आला. कॅन्सर समजायचं का?

नाही. नळी, लघवीतला संसर्ग, वाढलेलं प्रोस्टेट, सगळ्यांनी पीएसए चढतो. काही आठवड्यांनी पुन्हा करावा लागेल. कधी, ते यूरॉलॉजिस्ट ठरवतील. पण दाखवा जरूर.

प्रश्न : सवलतीत ‘फुल बॉडी’ पॅकेज घेतलं. वय ३४, त्रास काही नाही. सीए-१२५ या अंडाशयाच्या कॅन्सरच्या मार्करचा आकडा ५८ आलाय. झोप उडाली आहे.

ही तपासणी तुम्हाला कुणी सांगितली होती? कुणीच नाही, पॅकेजमध्ये होती म्हणून झाली. ३५ च्या वरचा आकडा लाल शाईत येतो, पण पाळी, एंडोमेट्रिऑसिस, फायब्रॉइड, गरोदरपण, आपल्याकडे तर पोटाचा टीबीसुद्धा तो वाढवतो. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या २ लाखांहून अधिक महिलांवर मोठा अभ्यास झाला. सीए-१२५ आणि सोनोग्राफीने नियमित चाळणी करूनही अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निकाल २०२१ मध्ये आला. पॅकेजच्या जाहिरातीत हे कुणी छापत नाही. रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, सोनोग्राफी लागते का ते त्या सांगतील. इंटरनेटवर शोधत बसू नका.

प्रश्न : पत्नीच्या (वय ५२) स्तनात गाठ आहे, दुखत नाही. सीए १५-३ हा स्तनाच्या कॅन्सरचा मार्कर नॉर्मल आहे. सुई लावली की कॅन्सर पसरतो असं नातेवाईक म्हणतात. नवीन सेन्सरची तपासणी येईपर्यंत तीन महिने थांबावं का?

अहो, तीन महिने कशाला? तीन दिवसही कशाला?

सीए १५-३ नॉर्मल आहे याचा अर्थ गाठ साधी आहे असा होत नाही. सुरुवातीच्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकींचा हा मार्कर नॉर्मलच असतो. आधीच निदान झालेल्या, पसरलेल्या आजारात उपचार लागू पडतात का हे बघायला तो वापरतात. सेन्सर कितीही तीक्ष्ण करा, गाठीने जे रक्तात सोडलंच नाही ते त्याला कुठून सापडणार? दुखत नाही यात समाधान मानू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच.

सुईने पसरतो, हे मी नोकरी लागल्यापासून ऐकते आहे. या भीतीपायी थांबलेल्या बायका आमच्याकडे येतात तेव्हा गाठ काखेत पोचलेली असते. ती सुईने नेलेली नसते, थांबण्याने नेलेली असते. गाठीची तपासणी ठरलेली आहे : डॉक्टरांचा हात, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज वाटली तर सुईची बायोप्सी. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. रक्ताचा थेंबही न घेता! तुमच्या पत्नीची गाठ तर हाताला लागलेलीच आहे. उद्या सर्जनकडे न्या, नातेवाइकांना नंतर कळवा.

प्रश्न : आम्ही इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये सीईए या कॅन्सरच्या मार्करचा सेन्सर बनवला. फेम्टोग्रॅमपर्यंत (नॅनोग्रॅमचा दहा लाखावा भाग) ओळखतो. घरच्यांचं रक्त तपासून पाहू का?

अभिनंदन, पण नको. फेम्टोग्रॅम बफरमध्ये (स्वच्छ द्रावणात) की सीरममध्ये, ते आधी लिहून काढा. शिवाय सीईए सिगारेट ओढणाऱ्या निरोगी माणसातही वाढतो. उद्या काकांचा आकडा चढा आला तर घरात काय सांगाल? एथिक्स कमिटीची परवानगी घ्या आणि गाइडमार्फत एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या लॅबला पत्र द्या. नाव झाकलेले नमुने मिळतील, त्यावर लॅबचं मशीन आणि तुमचा सेन्सर यांचे आकडे जुळतात का ते बघा.