लांब पल्ल्याच्या टार्गेट शूटिंगसाठी आणि प्रेअरी डॉगच्या शिकारीसाठी एकच स्कोप (रायफलवरची दुर्बीण) घ्यायचा तर कोणता घ्यावा?

तुम्ही प्रश्नाखाली दिलेला तपशील मी वाचला. कोलोरॅडोत राहता, लहान काडतुसाची .२२३ बोल्ट ॲक्शन रायफल (दर बाराला हाताने बोल्ट ओढायची) आहे, हजार डॉलरपर्यंत खर्चाची तयारी आहे, एरवी रेंजवर टार्गेट आणि उन्हाळ्यात प्रेअरी डॉग (इतर वाचकांसाठी: ही कुत्री नव्हेत, खारीच्या कुळातली जनावरं). इथवर ठीक. पण शेवटी विचारलंय, "या पैशात जास्तीत जास्त झूम कुठल्या स्कोपला मिळेल?" हे वाचून आमच्या साडूंनीच खोट्या नावाने प्रश्न टाकलाय की काय, अशी शंका आली. तुम्ही ते नसाल तर वाचा. असाल तर नक्की वाचा.

झूमसाठी पैसे मोजू नका, टरेटसाठी, म्हणजे नेम सरकवायच्या चकतीसाठी मोजा. दहा क्लिक फिरवले की दहाच क्लिक सरकणारा, आणि उलटे दहा फिरवले की निघाला तिथेच परत येणारा स्कोप हवा. काच, ट्यूब, कंपनीचं नाव हे सगळं त्याच्या मागून.

आता साडू. माझ्या मेहुणीचे यजमान, मूळचे कोल्हापूरचे, इथे डेन्व्हरजवळ राहतात. बंदुकीचा नाद मला त्यांनीच लावला, हे कबूल. पण स्कोपच्या बाबतीत आमचं कधी जमलं नाही. त्यांच्या .२२३ वर एका कंपनीचा ८-३२ एक्स (आठ ते बत्तीस पट मोठं दाखवणारा) आहे. नाव सांगत नाही, कारण मग खाली कॉमेंटमध्ये त्याचीच मारामारी सुरू होते. माझ्या रायफलवर एसडब्ल्यूएफए कंपनीचा १० एक्स, फिक्स्ड. झूम नाही, साइड नॉब नाही, पॅरॅलॅक्सची (डोकं हललं की नेम हलल्यासारखा दिसतो, तो दोष घालवायची) रिंगसुद्धा डोळ्याकडच्या टोकाला. मी घेतला तेव्हा तीनशे डॉलरला मिळाला होता. साडू त्याला 'पेन्शनर स्कोप' म्हणतात. घरी चार माणसं जमली की हटकून विषय काढणार: "अरे, एवढा इंजिनिअर तू, आणि दुर्बीण घेतलीस तीही एका नंबरची?"

वायोमिंगमध्ये शायेनच्या पुढे एका ओळखीच्या रँचवर आम्ही जातो. मालकाला प्रेअरी डॉगचा मनस्वी राग, गवत खातात आणि कुरणाची चाळण करतात म्हणून. (बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभी राहून भुंकल्यासारखा आवाज काढतात. उभं जनावर फूटभर उंच, रुंदी जेमतेम चार इंच.) सकाळी सहाला गेलं तर हवा थंड असते आणि ३२ एक्समधून खरोखर मिशा दिसतात, ते मी नाकारत नाही. पण जुलैत दहा वाजले की जमीन तापते आणि मिराज, म्हणजे तापलेल्या हवेची थरथर, सुरू होतं. झूम जनावर मोठं करतो तसं मिराजही मोठं करतो. साडूंच्या ३२ एक्समधून तीनशे यार्डांवरचा प्रेअरी डॉग कमरेपासून वर वितळत होता. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, आणि बीळ कुठे ते कळेना. साडू नॉब फिरवत होते, डोळे पुसत होते, आधी काचेला शिव्या देत होते, मग उन्हाला. शेवटी झूम बारावर आणला तेव्हा चित्र स्थिर झालं. मी शेजारी दहावरून मारतच होतो. मग ते विसाचे नि बत्तीसचे पैसे कशाचे दिले?

बरं, मिराज हा नुसता ताप नाही. ते कुठल्या बाजूला वाहतंय ते बघून वारा कळतो, आणि .२२३ ला वारा कळणं हेच निम्मं काम. ५५ ग्रेन वजनाची गोळी तीनशे यार्डांवर ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात आठ-दहा इंच सरकते. म्हणजे जनावराच्या दुप्पट रुंदीने चूक. ही चूक कुठलाही झूम भरून काढत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. साडूंच्या गोळ्या त्या दिवशी दुपारभर वरून जात होत्या. ते प्रत्येक अंतराला टरेट फिरवून डायल करत, मारून झालं की परत शून्यावर आणत, पुढच्याला पुन्हा डायल. हळूहळू सगळंच वर सरकलं. साडूंचं निदान: गोळ्यांचा लॉट खराब. मी म्हटलं, क्लबच्या रेंजवर या, बोर्ड लावतो.

हा बोर्ड तुम्हीही लावा, स्कोप कितीही महागाचा असला तरी. चार फुटी उभा पुठ्ठा, बरोबर शंभर यार्डांवर. अंतर टेपने मोजायचं, रेंजच्या पाटीवर विश्वास ठेवायचा नाही. पुठ्ठ्यावर ओळंबा सोडून सरळ उभी रेघ मारायची. मी गवंड्याचा खराखुरा ओळंबा वापरतो, मागे गावाहून आणलेला. इथल्या पोरांना ते पितळी लोलक फार आवडतं. रेघेच्या तळाशी एक ठिपका, त्यावर झिरो ग्रुप, म्हणजे टरेट शून्यावर ठेवून मारलेल्या गोळ्यांचा पुंजका. मग नेम त्याच ठिपक्यावर धरून टरेट ३० एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) वर फिरवायचं आणि मारायचं. एक एमओए शंभर यार्डांवर १.०४७ इंच, म्हणजे ग्रुप ३१.४ इंच वर पडला पाहिजे. स्कोप मिलमध्ये (मिलिरेडियन, कोनाचं दुसरं माप) असेल तर १० मिलला ३६ इंच. मग परत शून्यावर आणून पुन्हा ग्रुप, तो पहिल्यावरच बसायला हवा. ग्रुप रेघेच्या डावी-उजवीकडे जायला लागला तर स्कोप तिरका बसलाय किंवा रायफल तिरकी धरली गेलीय.

साडूंचा ग्रुप तीस इंचांनाही पोचला नाही. जवळजवळ पाच टक्के तूट. हजार यार्डांसाठी पस्तीस एमओए फिरवावे लागत असतील, तर ही चूक दीड फूट होते. आणि परत शून्यावर आणून मारलेला ग्रुप पहिल्याच्या पाऊण इंच वर. पाऊण इंच म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. साडेतीनशे यार्डांवर ते अडीच इंचांच्या पुढे जातं, आणि बिळातून नुसतं डोकं काढलेल्या जनावराला तेवढं पुरतं. साडू म्हणाले, वारा होता. वारा आडवा होता, फरक उभा होता. ओळंब्यासकट फोटो काढून मी फॅमिली ग्रुपवर टाकला. त्यावर बायकोचं जे म्हणणं पडलं ते इथे लिहीत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातला पोरगा, मग साडूंच्या आनंदाला काय तोटा! दिवसभर फोटो, व्हिडिओ, 'आपला कोल्हापूरचा'. मी एकच विचारलं: त्याच्या रायफलवर किती एक्सचा स्कोप होता? त्या खेळात दुर्बीण चालतच नाही. मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट, पुढे रिंग, संपलं. साडूंनी दोन दिवस फोन केला नाही. अमेरिकन स्नायपर कार्लोस हॅथकॉकने १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये .५० च्या मशिनगनवर स्कोप चढवून अडीच हजार यार्डांवर माणूस टिपला, तो स्कोपही ८ एक्सचा. साडूंचं यावर उत्तर असतं की माणूस फूट-दीड फूट रुंद असतो, प्रेअरी डॉग चार इंच. हा मुद्दा खरा आहे. चारशे यार्डांवर छोट्या जनावरासाठी दहा कमी पडतं, पंधरा-अठरा असलं तर बरं. पण पंधरा-अठरा. बत्तीस नव्हे.

आता तुमचं. ५-२५ किंवा ४-१६ च्या वर्गातलं काहीही बघा, ४-१६ घेतलात तर मला जास्त आनंद होईल. हजारच्या आसपास व्होर्टेक्स वायपर पीएसटी जेन टू ५-२५ बसतो. खणखणीत टरेट, झिरो स्टॉप (टरेट शून्यावर येऊन अडतं) आहे. नाइटफोर्स एटीएसीआर ५-२५ अप्रतिम, पण तुमच्या बजेटबाहेर, आणि एक किलोच्या वर वजन. हलक्या .२२३ वर तो चढवून कुरणात फिरायचं असेल तर तुमची मर्जी.

मिल की एमओए, यावर लोक उगाच भांडतात. आपण शाळेत मेट्रिक शिकलो, म्हणून मला मिल सोपं पडतं: ०.१ मिल म्हणजे शंभर मीटरवर एक सेंटिमीटर, तोंडी हिशोब. रेंजवर सगळे एमओए बोलत असतील तर एमओए घ्या. फक्त रेटिकल (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) आणि टरेट एकाच मापातले हवेत. जुन्या स्कोपमध्ये मिल-डॉट रेटिकल आणि पाव एमओएचे क्लिक असा संसार असायचा. सेकंडहँड घेताना नीट बघा.

फर्स्ट फोकल प्लेन घ्या, म्हणजे झूमबरोबर रेटिकलही लहान-मोठं होणारा. सेकंडमध्ये रेटिकलवरची मापं झूमच्या एकाच आकड्यावर खरी असतात, बहुधा सगळ्यात वरच्या. आणि उन्हात तो आकडा तुम्ही वापरणार नाही, हे वर सांगून झालंय. रेटिकल जाड होऊन जनावर झाकलं जाईल ही भीती नको. ०.०४ मिलची रेघ तीनशे यार्डांवर अर्ध्या इंचालाही येत नाही.

पॅरॅलॅक्स ॲडजस्टमेंट हवीच, पण नॉबवर छापलेल्या यार्डांवर जाऊ नका. डोकं किंचित हलवून रेटिकल जागचं हलत नाही तोवर फिरवा. ३४ मिमीच्या ट्यूबने उजेड वाढतो असं दुकानदार सांगेल. ट्यूब जाड असली की आत वर-खाली सरकायला जागा मिळते, इतकंच. उजेडाचा हिशोब वेगळा: पुढच्या काचेचा व्यास भागिले झूम, तेवढ्या जाडीचा उजेड डोळ्याकडे येतो. ५० ला २५ ने भागलं की दोन मिमी, १० ने भागलं की पाच. संध्याकाळी पंचवीसवर चित्र काळपट का दिसतं ते यात आलं. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने पंधरा-अठरा इंच-पाउंड, हाताच्या अंदाजाने नाही.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. तुम्ही नुसतं टार्गेट म्हणजे एफ-क्लास खेळणार असाल, तर झूमबद्दल वर लिहिलेलं बाजूला ठेवा. ठरलेलं अंतर, जड रायफल, पोटावर झोपून निवांत. तिथे लोक ४०-५० एक्स लावतात, मार्च कंपनीचा तर १०-६० आहे, आणि मिराज वाढलं की झूम उतरवतात. तिथे साडू बरोबर. पण साडू एफ-क्लास खेळत नाहीत.

कोलोरॅडोत सार्वजनिक जमिनीवर १ मार्च ते १४ जून प्रेअरी डॉग मारायला बंदी असते. त्या वर्षीचं नियमपुस्तक बघूनच निघा. मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, त्यांच्या पिसवांतून प्लेग होतो. एच-वन-बी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने रायफल आणि काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे. आपल्यासारख्यांना उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे राज्याचं हंटिंग लायसन्स, आणि ते चालू मुदतीतलं लागतं. ग्रीन कार्ड असेल तर ही भानगड नाही. आणि सुट्टीत पुण्याला जाताना कुणी 'एक स्कोप आण रे' म्हणालं तर बॅगेत टाकून नेऊ नका, रायफल स्कोपला अमेरिकेचे निर्यातीचे नियम लागतात. साडूंच्या पुतण्याने मागितला होता. नाही म्हणून सांग, असं आम्ही दोघांनीही एकदमच म्हटलं. स्कोपवरून आमचं एकमत झालं ते तेवढंच.