घरून काम बंद झालं, आता काय?

प्रश्न : मी राज्य सरकारच्या पणजीतल्या खात्यात आहे. घरून कामाची सवलत बंद होऊन रोज हजेरीचा आदेश आला. मुलगा चार वर्षांचा, घर वाळपईला. नकार देता येईल का?

उत्तर : नाही. घरून काम ही सोय होती, हक्क नव्हे. रजा मंजूर नसताना घरी राहिलात तर पगार कापला जातो, शिवाय शिस्तभंगाची कारवाई ओढवते.

तुम्ही महिला कर्मचारी (किंवा एकल पिता) असाल तर तुमच्यासाठी खरी वाट बालसंगोपन रजेची. अठरा वर्षांखालच्या पहिल्या दोन मुलांसाठी पूर्ण सेवेत ७३० दिवस. पहिले ३६५ पूर्ण पगारी, पुढचे ८० टक्के पगारावर. एका वेळी किमान ५ दिवस, वर्षातून तीनदाच (एकल मातेला सहादा). म्हणजे एखाद्या दिवसाची सुट्टी यात बसत नाही, त्याला किरकोळ रजाच. अर्ज बहुतेकदा अडतो तो ‘घरगुती कारणास्तव’ एवढंच लिहिल्यामुळे. परीक्षा, आजारपण, सांभाळायला कुणी नाही, जे असेल ते तारखांसह लिहा, जन्मदाखला जोडा आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्याच.

कदंबची (गोव्याच्या सरकारी परिवहनाची) बस उशिरा आली हे कारण बायोमेट्रिक यंत्राला कळत नाही, वरिष्ठांना मात्र लगेच लेखी कळवा.