जिंकलं काय, नामांकन कशाचं? मारिया बाकालोवाच्या पुरस्कारांवर प्रश्नोत्तरे

'बोराट' या विनोदी चित्रपटाच्या दुसऱ्या भागात (2020) बोराटच्या मुलीची, तूतारची भूमिका करणारी मारिया बाकालोवा ही बल्गेरियातल्या बुर्गास शहरात 1996 साली जन्मलेली अभिनेत्री. तिचं नाव एकाच हंगामात जवळपास सगळ्या मोठ्या पुरस्कारांच्या याद्यांमध्ये झळकलं. त्या याद्या वाचताना पडलेल्या प्रश्नांची ही उत्तरं.

तिला ऑस्कर मिळालं, असं एका पोस्टमध्ये वाचलं. दुसरीकडे 'गोल्डन ग्लोब विजेती' असंही होतं. खरं काय?

दोन्ही चूक. ऑस्करला आणि गोल्डन ग्लोबला तिला नामांकन होतं, पुरस्कार नाही. मोठ्या संस्थांपैकी तीन ठिकाणी ती जिंकली, आणि तिन्ही संस्था समीक्षकांच्या आहेत. न्यूयॉर्क फिल्म क्रिटिक्स सर्कलने डिसेंबर 2020 मध्ये तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री ठरवलं, नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सने जानेवारी 2021 मध्ये, आणि क्रिटिक्स चॉइस पुरस्कार तिला 7 मार्च 2021 रोजी मिळाला. ऑस्कर, ब्रिटनचा बाफ्टा, अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेचा स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड आणि गोल्डन ग्लोब या चारही ठिकाणी फक्त नामांकन. त्यातल्या पहिल्या तिन्ही ठिकाणी पुरस्कार गेला तो 'मिनारी'तल्या आजीची भूमिका करणाऱ्या कोरियाच्या ज्येष्ठ अभिनेत्री युन यो-जॉन्ग यांच्याकडे. गोल्डन ग्लोब 'आय केअर अ लॉट'साठी रोझमंड पाइकने घेतला.

गोंधळाचं आणखी एक कारण आहे. त्या वर्षी गोल्डन ग्लोबमध्ये विनोदी आणि संगीतप्रधान गटातला सर्वोत्कृष्ट चित्रपट 'बोराट'च ठरला आणि बोराट साकारणारा सॅशा बॅरन कोहेन अभिनेत्याचा पुरस्कार घेऊन गेला. चित्रपटाला मिळालेला मान बातमीतून बातमीत फिरता फिरता अभिनेत्रीच्या नावावर जमा झाला.

गोल्डन ग्लोबमध्ये ती 'मुख्य अभिनेत्री' आणि ऑस्करमध्ये 'सहायक' कशी? भूमिका तर एकच!

भूमिका एकच, पण मोजणाऱ्या संस्था वेगळ्या आणि त्यांचे गटही वेगळे. गोल्डन ग्लोबमध्ये मुख्य भूमिकांचे दोन भाग असतात: एक गंभीर नाट्याचा, दुसरा विनोदी व संगीतप्रधान चित्रपटांचा. सहायक भूमिकांना अशी विभागणी नाही, तिथे सगळ्या प्रकारचे चित्रपट एकाच रांगेत. त्यामुळे विनोदी चित्रपटातल्या नव्या चेहऱ्याला मुख्य अभिनेत्रीच्या गटात उतरवणं तिथे फायद्याचं ठरतं. ऑस्करमध्ये विनोदासाठी वेगळा गट नसल्याने हे गणित उलटं होतं.

ऑस्करचा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. निर्मिती संस्था 'सहायक भूमिकेसाठी विचार करा' अशा जाहिराती करते, पण त्या मतदारावर बंधनकारक नसतात. नामांकनाचं मत फक्त ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या अभिनेता शाखेचे सदस्य देतात आणि एखादं काम मुख्य की सहायक हेही तेच मतपत्रिकेवर ठरवतात. एकाच कामाला दोन्ही गटांत मतं पडली, तर ती वेगवेगळी मोजली जातात. ज्या गटात कोटा आधी पूर्ण होतो, त्या गटात नामांकन. 1944 सालच्या एका चित्रपटातल्या एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेराल्ड यांना दोन्ही गटांत नामांकन मिळालं होतं. त्यानंतर नियम बदलला आणि ती वाट बंद झाली.

पडद्यावरचा वेळ मोजला तर तूतार ही सहायक भूमिका वाटत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. चित्रपटाचा कणा बाप आणि मुलीचा प्रवास आहे, आणि बदलते ती मुलगीच. सहायक गटात उतरणं हे प्रचाराच्या हिशेबाने बरोबर होतं, कथेच्या हिशेबाने नाही.

'कोटा' म्हणजे काय? नामांकन सर्वाधिक मतांवर ठरत नाही का?

नाही. सदस्य पसंतीक्रम लावून पाच नावं लिहितो. आलेल्या मतपत्रिकांना सहाने भागायचं आणि एक मिळवायचा, हा कोटा. समजा 1,200 मतपत्रिका आल्या, तर 200 अधिक एक, म्हणजे 201. पहिल्या पसंतीची 201 मतं ज्याला मिळाली त्याचं नामांकन पक्कं. मग सर्वांत कमी पहिल्या पसंतीचं नाव बाद करून त्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, आणि पाच जागा भरेपर्यंत हे चालतं.

या पद्धतीत 'बऱ्याच जणांना बऱ्यापैकी आवडलं' यापेक्षा 'थोड्यांना अतिशय आवडलं' याला जास्त किंमत मिळते. सगळ्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर असणारं नाव पहिल्याच फेऱ्यांत गळू शकतं. बाकालोवाला इथे अनुकूल जमीन होती: तिचं काम ज्यांना भावलं त्यांना ते पहिल्या क्रमांकाचंच वाटलं, असं समीक्षकांच्या निकालांवरून दिसत होतं.

अंतिम फेरी मात्र वेगळी. तिथे सर्व शाखांचे सदस्य मत देतात, पसंतीक्रम नसतो, ज्याला सर्वाधिक मतं तो विजेता. थोड्यांच्या तीव्र आवडीचं बळ तिथे पुरत नाही. समीक्षकांकडे जिंकणं आणि मोठ्या मतदारसंघांत मागे राहणं, हे चित्र याच फरकातून उमटतं.

विनोदी, अर्धा छुप्या कॅमेऱ्याचा चित्रपट. त्यात अभिनय म्हणून नेमकं काय तोलायचं?

हा सगळ्यांत चांगला प्रश्न. नेहमीच्या चित्रीकरणात अभिनेत्रीला पुन्हा टेक घेता येतो, समोरचा नटही संहिता पाठ करून आलेला असतो. इथे अनेक प्रसंगांत समोरच्या माणसाला आपण चित्रपटात आहोत हेच माहीत नसतं. पात्र क्षणभर सुटलं, एक हसू निसटलं, तर प्रसंग संपला. पुन्हा तीच माणसं आणि तोच विश्वास मिळत नाही.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या नृत्यसमारंभाचा प्रसंग बघा. बाप-लेक तिथल्या प्रतिष्ठित कुटुंबांसमोर नाचतात, खोली शिसारीने थिजते, आणि तूतार मात्र शेवटपर्यंत निरागस आनंदात असते. खोलीतला तिटकारा अंगावर घेऊनही चेहऱ्यावर तो उमटू द्यायचा नाही, ही त्या प्रसंगातली कारागिरी. आणि न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी यांच्या मुलाखतीत तीच अभिनेत्री वेगळी इंग्रजी, वेगळी बसण्याची ढब घेऊन पत्रकार होते. शिवाय बाप-लेकीच्या संवादांत ती बल्गेरियन बोलते आणि बॅरन कोहेन मुख्यतः हिब्रू. म्हणजे समोरच्याचं वाक्य कुठे संपतं हे ओळखून, दुसऱ्याच भाषेत प्रतिक्रिया द्यायची. सोफियातल्या क्रस्त्यो साराफोव राष्ट्रीय नाट्य व चित्रपट अकादमीतलं शिक्षण इथे कामी आलेलं दिसतं.

चित्रपट तर थेट ओटीटीवर आला होता. मग पात्र कसा?

करोनामुळे. एरवी अमेरिकेत थिएटरमध्ये सलग सात दिवस व्यावसायिक खेळ लागतात. त्या एका हंगामापुरती अकादमीने काही अटींवर सूट दिली आणि पात्रतेची मुदत 28 फेब्रुवारी 2021 पर्यंत वाढवली.

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये 'ऑस्कर नामांकन मिळालेली पहिली बल्गेरियन व्यक्ती' असं लिहू का? आणि वर्ष 2020 की 2021?

'व्यक्ती' लिहू नका. अभिनयाच्या गटात नामांकन मिळालेली ती पहिली बल्गेरियन अभिनेत्री. तिच्याआधी 2017 च्या सोहळ्यात बल्गेरियात जन्मलेले, कॅनडात स्थायिक झालेले ॲनिमेशनकार थिओडोर उशेव यांना लघुपटासाठी नामांकन होतं. त्याच वर्षी व्लादिमीर कोयलाझोव यांना 'व्ही-रे' या संगणकीय दृश्यं तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

वर्षासाठी क्रमांक लिहिणं सगळ्यांत सुरक्षित: 93 वा ऑस्कर सोहळा, 25 एप्रिल 2021, चित्रपट 2020 चा.

बल्गेरियाच्या अभिनेत्रींना याआधी मोठे सन्मान मिळाले नव्हते का?

मिळाले होते, मराठीत त्यांची बातमी कमी झाली इतकंच. वेसेला काझाकोवा 2005 मध्ये मॉस्को महोत्सवात 'स्टोलन आइज'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. पुढे तिने मीना मिलेवाबरोबर दिग्दर्शित केलेला 'विमेन डू क्राय' 2021 मध्ये कान महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' विभागात होता, आणि त्यात बाकालोवाची भूमिका आहे. एली स्कोर्चेवा यांची गोष्ट तर आवर्जून सांगावी अशी. सुमारे तीन दशकं पडद्यापासून दूर राहिल्यानंतर त्या 'ब्लागाज लेसन्स'मध्ये निवृत्त शिक्षिका झाल्या आणि 2023 मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या कार्लोवी व्हारी महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार घेतला. चित्रपटाला तिथला सर्वोच्च पुरस्कारही मिळाला. महोत्सवात निकाल मोजक्या परीक्षकांच्या चर्चेतून लागतो, आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांसारखा. तिथे प्रचाराचा खर्च आड येत नाही.

बाकालोवाला ऑस्करला बल्गेरियाने पाठवलं होतं का? भारताने 'श्वास' पाठवला होता तसं?

नाही. 2004 मध्ये 'श्वास' भारताची अधिकृत प्रवेशिका होता. ती देशाच्या वतीने, चित्रपटाच्या नावावर जाते. बाकालोवाचं नामांकन वैयक्तिक होतं, तेही अमेरिकी चित्रपटासाठी. त्या हंगामात बल्गेरियाची प्रवेशिका होती ग्रोझेवा आणि वल्चानोव या जोडीचा 'द फादर'. याच इंग्रजी नावाच्या अँथनी हॉपकिन्सच्या चित्रपटासाठी ऑलिव्हिया कोलमन बाकालोवाच्याच गटात होती, तेव्हा दोन्ही चित्रपट एक समजू नका.

पुढे याच जोडीचा 'ट्रायंफ', ज्यात बाकालोवा आहे, बल्गेरियाने 97 व्या ऑस्करसाठी पाठवला. त्याला नामांकन मिळालं नाही. परभाषेतल्या अशा चित्रपटातून अभिनेत्रीला वैयक्तिक नामांकन मिळू शकतं, फक्त चित्रपटाने अमेरिकेतल्या थिएटर प्रदर्शनाची अट वेगळी पूर्ण करावी लागते. त्याच हंगामात ब्राझीलच्या 'आय ॲम स्टिल हिअर'ने ती केली, आणि फर्नांडा टोरेस पोर्तुगीज भाषेतल्या भूमिकेसाठी मुख्य अभिनेत्रीच्या यादीत आली.