फँटसी कादंबरी: मालिका करावी की एकच स्वतंत्र पुस्तक?

तुमच्या प्रश्नातली माहिती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव यांवरून सुचलेलं एक काल्पनिक शहर. तिथले विणकर मागावर मंत्र विणतात. नायिका एका विणकराची मुलगी. बेत तीन भागांचा आहे, 60,000 शब्द लिहून झालेत आणि नायिका अजून वेशीबाहेर पडलेली नाही. मालिकाच ठेवावी की सगळं एका पुस्तकात आणावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं स्पष्ट मत असं: पहिलं पुस्तक स्वतंत्र आणि पूर्ण लिहा. त्याच जगात पुढे आणखी पुस्तकं लिहिता येतील एवढी जागा ठेवा, पण पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका.

‘मालिका’ म्हणताना आपण निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. टॉल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तीन पुस्तकांची मालिका समजली जाते, पण ती लिहिली गेली एकच कादंबरी म्हणून. युद्धानंतर कागद महाग होता, छपाईचा खर्च मोठा होता, म्हणून ती 1954–55 मध्ये तीन खंडांत निघाली. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेची रीत वेगळी: नायक तोच, पण प्रत्येक पुस्तकातलं साहस तिथेच संपतं. मुलांच्या हाती कुठलंही पुस्तक आधी लागलं तरी अडत नाही. तिसरी रीत टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डची. 41 कादंबऱ्या, जग एकच, पण कधी पहारेकरी मध्यभागी, कधी चेटकिणी. तुमच्यासाठी मी हीच तिसरी रीत सुचवेन. सोलापूर जिल्ह्यात तिला सामग्रीही भरपूर आहे. विणकराच्या मुलीची गोष्ट एका पुस्तकात संपली की दुसऱ्याचा नायक नदीसंगमावर शिलालेख कोरणारा पाथरवट असू शकतो. (भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलला शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. एकदा जाऊन बघाच.) तिसऱ्या पुस्तकात नान्नजच्या माळरानासारखा गवताळ मुलूख आणि त्यातले पक्षी येऊ शकतात. जग तेच, पण प्रत्येक पुस्तक आपापलं.

आता तुमचं कथानक एका पुस्तकाचं आहे की तीनांचं, हे तपासायचं कसं? प्रत्येक नियोजित भागासाठी तीन वाक्यं लिहा. नायिकेला या भागात काय मिळवायचंय? तिला कोण किंवा काय अडवतंय? शेवटी कोणता प्रश्न कायमचा मिटतो आणि त्याची काय किंमत ती मोजते? पहिल्या भागाचं तिसरं वाक्य ‘ती प्रवासाला निघते’ किंवा ‘तिला खरा शत्रू कळतो’ असं आलं, तर तो भाग म्हणजे नुसती प्रस्तावना. तिला स्वतंत्र पुस्तक करू नका. तिन्ही भागांची तिसरी वाक्यं वेगवेगळी आणि ठोस आली, तरच तीन पुस्तकांचा विचार करा.

60,000 शब्दांत वेस ओलांडली जात नाही, याचं कारण बहुतेक वेळा कथानक मोठं असण्यात नसतं. लेखक जगाची ओळख करून देत राहतो आणि गोष्ट खोळंबते. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. लिहिलेल्या प्रत्येक प्रसंगाला एक ओळ द्या: या प्रसंगाच्या शेवटी काय बदललं? कोणाला नवीन काही कळलं, कोणी काही गमावलं, कोणी शब्द दिला, असं काही असेल तर प्रसंग राहील. ‘शहराचा इतिहास समजला’, ‘मागाची रचना समजली’ अशा ओळींपुढे खूण करा. त्या प्रसंगांतली माहिती दुसऱ्या चालत्या प्रसंगात दोन-चार वाक्यांत घाला आणि मूळ प्रसंग काढा. काढलेलं फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. मग पूर्ण कादंबरीसाठी 80,000 ते 90,000 शब्दांची मर्यादा घाला. वेस ओलांडणं पहिल्या पाव भागात, म्हणजे साधारण 20,000 शब्दांच्या आत आलं पाहिजे. जिथून मागे फिरता येत नाही अशी घटना निम्म्यावर, 40,000 च्या आसपास.

ही मर्यादा मी हवेतून काढलेली नाही. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर मराठीचे अंदाजे 270 शब्द बसतात. 80,000 शब्दांची साधारण 296 पानं, त्यात सुरुवातीची नाव-हक्क-अर्पणाची पानं धरली की 304, म्हणजे 16 पानी बरोबर 19 फॉर्म (फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पानं). अशा पुस्तकाची किंमत 400 रुपये धरू. 10 टक्के मानधन असेल तर प्रतीमागे 40 रुपये, 500 प्रतींची आवृत्ती संपली तर 20,000. आता तीन भागांचा हिशोब करा. वाचकाला पूर्ण गोष्टीसाठी 1,200 रुपये मोजायचे आहेत, तेही अनोळखी लेखकासाठी. दुसऱ्या भागाचा वाचक हा पहिल्या भागाच्या वाचकांतूनच येतो, बाहेरून जवळजवळ कोणी येत नाही. समजा निम्मे आले, तर 250 प्रती. पण अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचा खर्च 250 प्रतींनाही तेवढाच आणि 500 लाही तेवढाच. त्यामुळे प्रतीमागचा खर्च वाढतो आणि प्रकाशक दुसऱ्या भागाला हात लावायला कचरतो. अशा वेळी पहिला भाग अर्धवट गोष्ट म्हणून बाजारात पडून राहतो. लेखकाचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ग्रंथालयांची. आपला मोठा वाचक पुस्तक विकत न घेता वाचनालयातून नेतो. सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या ठिकाणी बसून हे सहज लक्षात येईल. पहिला भाग कोणीतरी नेलेला असला किंवा हरवला, तर कपाटातला दुसरा भाग तसाच पडून राहतो. स्वतंत्र पुस्तकाला ही अडचण नाही. तुम्ही पुढे मालिका केलीतच, तर कण्यावर भागाचा क्रमांक ठळक छापून घ्या आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला आधीच्या कथेचा एक पानी सारांश द्या. ग्रंथपालही दुवा देतील.

जादूबद्दल सविस्तर लिहितो, कारण मालिका बहुतेक वेळा तिच्यामुळेच मोडते. पहिल्या पुस्तकात नायिकेने विणलेल्या वस्त्राने मेलेला माणूस उठला, तर पुढच्या कुठल्याही पुस्तकात मरणाची भीती उरत नाही. मग लेखक शत्रू वाढवतो, त्याला हरवायला नायिकेची शक्ती वाढवतो, आणि तिसऱ्या भागापर्यंत सगळेच देव होऊन बसतात. म्हणून पहिलं पुस्तक छापायच्या आधी ठरवा: विणलेल्या मंत्राने कोणत्या तीन गोष्टी कधीच होणार नाहीत? मंत्र विणल्यावर विणणाऱ्याचं काय जातं: झोप, दृष्टी, आठवण, आयुष्याची वर्षं? आणि ते परत मिळतं का? मागाच्या कामातूनच नियम घ्या. ताणा (उभे धागे) आधी लावावा लागतो, मग आडवा धागा नेणारा धोटा फिरतो, म्हणजे मंत्राला तयारी लागते, ऐनवेळी काही विणता येत नाही. ताण्याचा धागा तुटला तर गाठ मारून पुढे जावं लागतं आणि ती गाठ कापडात राहते, म्हणजे मंत्रात खोट राहते. असे नियम हातमागावर बसणाऱ्याला खरे वाटतील. सोलापुरात असा वाचक तुम्हाला भेटणारच.

पहिल्या दिवसापासून एक जगाची वही ठेवा. तिच्यात पात्रांची नावं एकाच लेखनात हवीत, कारण ‘मल्लव्वा’ आणि ‘मल्लवा’ ही दोन माणसं वाटतात. जन्माचं वर्ष हवं, नाहीतर दोन पुस्तकांत पाच वर्षं उलटतात आणि मुलगा मात्र आठच वर्षांचा राहतो. कोण कोणाला काय हाक मारतं तेही लिहा. पहिल्या पुस्तकात सेनापतीला ‘अरे-तुरे’ करणारी अक्का दुसऱ्यात विनाकारण ‘अहो-जाहो’ करू लागली, तर मराठी वाचक लगेच थबकतो. सोलापूरसारख्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकत्र नांदणाऱ्या शहरावर तुमचं जग बेतलेलं असेल, तर कोणतं पात्र घरी काय बोलतं आणि बाजारात काय, हेही आधी ठरवा. अंतरं मोजायला जिल्हाच घ्या: सोलापूर–अक्कलकोट साधारण 40 किलोमीटर, पंढरपूर 70 च्या पुढे. ओझं घेऊन चालणारा माणूस दिवसाला 25 ते 30 किलोमीटर जातो. म्हणजे पंढरपूरइतक्या अंतराला तीन दिवस. पुढच्या पुस्तकात तेवढ्याच वाटेवरून पायी जासूद एका रात्रीत आला, तर आधीच्या पुस्तकातला सगळा प्रवास खोटा पडतो.

शहर खरं ठेवायचं की काल्पनिक, याचाही या निवडीशी संबंध आहे. एकाच पुस्तकात खरं सोलापूर चालतं: नाव घेताच तलाव, किल्ला, गड्ड्याची जत्रा डोळ्यांपुढे येते, वर्णनाचे शब्द वाचतात. मालिकेत तेच शहर हात बांधतं. तलाव हलवता येत नाही, किल्ला पाडता येत नाही. शिवाय सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, सात नंदीध्वज, 68 लिंगांची प्रदक्षिणा, अक्षता सोहळा या इथल्या लोकांच्या जिवंत श्रद्धेच्या गोष्टी आहेत. त्या जशाच्या तशा उचलून त्यांना जादूचे नियम लावू नका. नावं बदला, विधीची रचना बदला, संख्याही बदला, फक्त गर्दीतला तो उत्साह घ्या. तुमचं शहर आधीच काल्पनिक आहे हे त्यासाठी चांगलंच.

मालिकेची भूक आहे का, हे कमी खर्चात तपासायचं असेल तर त्याच जगातल्या 3,000 ते 5,000 शब्दांच्या दोन कथा लिहा आणि दिवाळी अंकांना पाठवा. पावसाळा सुरू व्हायच्या सुमारासच पाठवा, गणपतीनंतर बहुतेक अंक भरलेले असतात. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन वाचनाच्या ठिकाणी छोटे भाग टाकूनही अंदाज येतो. पण पूर्ण कादंबरी तिथे टाकू नका, छापील पुस्तकाला प्रकाशक मिळणं अवघड होतं.

शेवटी करार, कारण एका पुस्तकाच्या करारात नकळत पूर्ण जग देऊन टाकणारे बरेच असतात. हक्क फक्त या शीर्षकाच्या मराठी छापील आवृत्तीचे द्या. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट आणि ‘पात्रं व जग’ यांचे हक्क वेगळे लिहून स्वतःकडे ठेवा. पुढचं पुस्तक आधी याच प्रकाशकाला दाखवायचं असेल तर 90 दिवसांत उत्तर, नाहीतर तुम्ही मोकळे, असं कलम घाला. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून ‘करारात अन्यथा नमूद’ अशा अर्थाची वाक्यं नीट वाचा. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) भारतात मोफत मिळतो, आणि प्रत्येक भागाला वेगळा घ्यावा लागतो.

एवढं वाचूनही एकच सलग गोष्ट तीन भागांतच सांगायची असं ठरलं, तर तिन्ही भागांचा कच्चा खर्डा पूर्ण झाल्याशिवाय पहिला भाग कोणाच्या हाती देऊ नका. तिसरा लिहिताना पहिल्यात बदल करावेच लागतात, आणि छापलेल्या पुस्तकात ते करता येत नाहीत.