कासवांसाठी कोस्टारिका?

प्रश्न : ताई, लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. कासवं वाचवायला स्वयंसेवक म्हणून दोन आठवडे कोस्टारिकाला जायचं म्हणते. विमान, फी धरून साडेतीन लाख. पाठवू का?
– एक आई, फोंडा

उत्तर : अहो, तिथल्या ओस्तिओनालच्या किनाऱ्यावर येतं तेच ऑलिव्ह रिडले जातीचं कासव आपल्या गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागलाही अंडी घालतं! हिवाळ्यात वनखातं घरट्यांची राखण करतं. मी एकदा त्यांच्या माणसांसोबत रात्रभर बसले. डास भरपूर, कासव एकही नाही. लेकीला आधी इथे एक हंगाम काढू दे. तरी हौस उरली, तर संस्थेला विचारा, फीतले किती पैसे किनाऱ्यावरच्या लोकांना मिळतात? सांगायला कचरले तर नको. नुसतं जग बघायचं असेल, तर सरळ सहलीला पाठवा की, स्वस्तात पडेल.